काळी वायर

आमचा ट्रॅक्टर सुरू झाला की आधी गोठ्यातली म्हैस बिथरायची, मग कोंबड्या उकिरड्याकडं पळायच्या आणि मग आई चुलीपुढनं म्हणायची, "उठलं बाई एकदाचं कंपनीचं." ट्रॅक्टर म्हणायचं आपलं. खरं तर ते शिरवळच्या एका कारखान्यातलं वर बसून हिरवळ कापायचं यंत्र. आप्पा, म्हणजे माझे वडील, पलटणीत ड्रायव्हर होते. पेन्शनीवर आल्यावर ते त्या कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला असलेल्या जुन्या सोबत्याकडं चार दिवस राहायला म्हणून गेले आणि येताना टेम्पोत हे घेऊन आले. साहेब लोकांच्या खिडक्यांपुढचं गवत कापून म्हातारं झालेलं, पेट्रोलवर चालणारं, एका सिलिंडरचं, उंचीला माझ्या छातीएवढं. गाव पोट धरून हसलं. पण द्राक्षबागेच्या दोन ओळींमधनं वेलीला धक्का न लावता जाईल असा दुसरा ट्रॅक्टर तेव्हा आमच्या शिवारात नव्हता. आप्पांनी त्याच्या पोटाखालचं पातं काढलं, मागं औषधाचं पिंप ठेवायला गाडा जोडला, पट्ट्यावर फवारणीचा पंप बसवला, आणि दिवसभर नळ्या ओढून जे काम चार माणसं करायची ते सकाळच्या न्याहारीपासून दुपारच्या जेवणापर्यंत उरकायला लागलं. मग हसणारेच बघायला यायला लागले. आप्पा त्यांना बॉनेट उघडून दाखवायचे, हात मात्र कुणाला लावू द्यायचे नाहीत.

आता बागेचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचं गाव आष्ट्यापासून सायकलीनं पाऊण तासावर. चारी बाजूंनी ऊस आणि मधे आमची दोन एकर द्राक्षं. आप्पा नोकरीत होते तेव्हा आईनं लावलेली. तिचं माहेर तासगावकडचं, द्राक्षांच्या मांडवाखाली वाढलेली बाई ती. लग्न होऊन उसाच्या गावात आली आणि दहा वर्षं पाचटानं हात कापून घेतले. मग हट्टाला पेटून दोन एकर मागितले. मागितले तात्यांकडं. तात्या आप्पांचे थोरले भाऊ. जमीन एकत्र होती आणि शब्द त्यांचा चालायचा. थोरले दीर म्हणून आई त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहायची, आणि दोघं एकमेकांशी बोलायचे ते मला मधे घालून. म्हणजे दोघांना दोघांचं सगळं ऐकू यायचं, तरी मी टपालासारखी इकडचं तिकडं करायची. तात्यांनी तीन वर्षं दिली. पहिल्या वर्षी गारांनी झोडपलं. दुसऱ्या वर्षी डावणी आली. डावणी ही बुरशी. फुलोऱ्यात असलेल्या घडाला ओल मिळाली की ती पांढरी होऊन बसते आणि दोन दिवसांत घड काळा पडून गळतो. तिसऱ्या वर्षी छाटणीच्या आधी तात्या अंगणात येऊन बसले आणि मला म्हणाले, "वैजे, तुझ्या आईला सांग, औंदा बी गेली तर मांडव काढायचा आन् ऊस लावायचा. पुन्हा बोलायचं न्हाई." आई दाराआडनं म्हणाली, "तात्यास्नी म्हणावं, चालंल." तिचा आवाज नेहमीसारखा होता. पण त्या संध्याकाळी तिनं आमटीत मीठ दोनदा घातलं आणि आम्ही ती तशीच खाल्ली.

मी तेव्हा दहावीत. घरात पोर मी एकटीच, त्यामुळं आप्पांना पाना दे, पक्कड दे, दिवा धर, हे सगळं माझ्याकडं. आप्पांचा स्वभाव तापट. पण यंत्रापुढं बसले की माणूस निराळा व्हायचा. "हे बघ," म्हणायचे, "एका टोकाकडनं सुरू करायचं आन् दुसऱ्या टोकाला थांबायचं. मधनं उडी मारायची न्हाई." हा त्यांचा पलटणीतला नियम. मी ते पाठ केलं होतं, समजलं फार नंतर. त्या वर्षी त्यांचा मूड चांगला होता. इतका की त्यांनी आईला ट्रॅक्टरवर बसवलं. आईनं ओचा खोचला, सीटवर बसली आणि पहिल्याच दिवशी दोन ओळी नाकासमोर नेऊन आणल्या. खुरपणीच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आईला त्याचं काही नव्हतं. आप्पा म्हणाले, "पलटणीत असतीस तर लायसन दिलं असतं तुला." तेव्हापासून आईच्या डोक्यात बसलं की फुलोऱ्यातली फवारणी आपण चालवायची. "माझ्या झाडास्नी किती धक्का सोसतो ते मला म्हाईत हाय," ती म्हणायची. रात्री भाकऱ्या थापतानासुद्धा तिचा उजवा पाय मधूनच जमीन दाबायचा. ब्रेक लावते आहे हे मला कळायचं आणि मी चेष्टा करायची.

खंडेनवमीला आईनं सकाळी सकाळी नळी लावून ट्रॅक्टर धुतला. आप्पा ओट्यावरनं ओरडले, "इंजनावर पाणी मारू नगंस." आई म्हणाली, "देवाला आंघोळ, म्हशीला आंघोळ, ह्यालाच तेवढी नगं व्हय?" मग विळे, खुरपी, छाटणीच्या कात्र्या, आप्पांचा पान्यांचा संच, सगळं ओळीनं मांडलं. कुंकू लावलं, नारळ फोडला, नैवेद्याला कडाकण्या ठेवल्या. ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालायची म्हणजे माझं काम. बॉनेट गुळगुळीत, माळ सारखी घसरायची. पुढच्या दिव्यामागं पत्र्याला एक भोक होतं, तिथं मी ती पक्की केली. आमच्याकडं दसऱ्याची माळ कुणी काढत नाही. ती सुकते, एकेक फूल गळतं, मग नुसता दोरा लोंबत राहतो आणि तोही कधीतरी जातो. हातानं काढणं बरं नव्हे, एवढंच. कुणी कधी का म्हणून विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दिवाळी होऊन गेली. बाग फुलोऱ्यात आली. द्राक्षाच्या फुलाला वास असतो हे बागवाल्याशिवाय कुणाला सांगून पटत नाही. अगदी फिका, गोडसर, सकाळच्या गारठ्यात तेवढा येतो. आई तो वास घ्यायला पहाटे ओळींतनं हिंडायची. आणि ऐन त्या दिवसांत दोन दिवस पावसानं धरलं. अवकाळी, रिपरिप, थांबायचं नाव नाही. आई उंबऱ्यात बसून होती. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं चूल पेटवली ती मला आणि आप्पांना घालण्यापुरती, आख्खा मसूर आणि भाकरी, आणि आम्ही खात असताना ती बाहेरच बघत होती. तिसऱ्या दिवशी उजाडताना पाऊस थांबला. ऊन पडलं. ओल्या पानांवर ऊन पडणं ही डावणीला दिलेली हाक असते. पश्चिमेला ढग होतेच, संध्याकाळपर्यंत पुन्हा येणार हे लहान पोराला कळलं असतं. मधला तेवढाच वेळ आमचा होता. तेवढ्यात औषध बसलं तर बाग राहणार, नाहीतर मांडव निघणार.

आईनं पिंपात औषध कालवून ठेवलं होतं. अंगात आप्पांची जुनी पलटणीची जर्सी घातली, डोक्याला टॉवेल गुंडाळला, सीटवर बसली आणि चावी फिरवली. सेल्फ घुरघुरला. इंजिन फिरलं, पण धरलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. आप्पा म्हणाले, "सर बाजूला, बघू." आई खाली उतरली. त्यानंतर ती त्या सीटवर बसली नाही, कधीच. तेव्हा हे कुणाला माहीत होतं?

आप्पांनी सुरुवात नियमानं केली, खोटं कशाला बोलू. पेट्रोल बघितलं, येत होतं. प्लग काढला, त्याला वायरची टोपी लावली आणि मला म्हणाले, "फडक्यात धर आन् इंजनाला टेकव. ठिणगी पडती का बघ." त्यांनी सेल्फ मारला. मी डोळे ताणून बघत होते. काही नाही. दुसरा प्लग लावला. काही नाही. फ्यूज काढून बघितला, चांगला होता. चावीचं स्विच उघडलं, वायरी एकमेकींना जोडून बघितल्या. काही नाही. दर वेळी सेल्फ मारायचा, दर वेळी बॅटरी थोडी दमायची, आणि दर वेळी आप्पा माझ्याकडं बघायचे आणि मी मान हलवायची. त्या सकाळी मी किती वेळा 'न्हाई' म्हणाले असेन? ऊन वर चढत होतं. पानांवरनं वाफ निघत होती. आप्पांचा नियम सुटला. कधी बॅटरीची तार घासायचे, कधी कार्बोरेटरला हात घालायचे, कधी सीटखालची वायर ओढायचे. पाना हातातनं निसटला, बोट फुटलं, रक्त आलं, तसंच चोखून पुन्हा लागले. शेवटी पाना चिखलात आपटला आणि आईकडं वळून म्हणाले, "पाणी गेलंय आत. सांगितलं हुतं का न्हाई, इंजनावर मारू नगंस म्हणून?"

दीड महिन्यामागचं पाणी कुठलं राहतं आत? आज कुणी माझ्या दुकानात येऊन असं म्हणालं तर मी त्याला उभ्या उभ्या चार शब्द सुनावीन. पण तेव्हा मला तेवढं कळत नव्हतं. आई गोठ्यात गेली, कोपऱ्यातला पाठीवरचा हातपंप काढला, भरला, खांद्याला पट्टे लावले आणि बागेत शिरली. दोन एकर, पाठीवरच्या पंपानं, मांडवाखाली वाकून. होणार नव्हतं. तिलाही ठाऊक होतं. बाहेर आम्हाला नुसता दांड्याचा आवाज यायचा, खटक खटक, आणि मधे थांबला की कळायचं, पंप संपला, ती परत येते आहे भरायला.

मला सायकलीवर पिटाळलं. आधी शिवारातल्या तीन बागांत गेले, पंप मागायला. त्या सकाळी कुणाचा पंप मोकळा असणार? सगळ्यांच्याच बागा ओल्या, सगळ्यांचीच धावपळ. एकानं तर यंत्र चालू ठेवूनच हातानं खूण केली, नंतर ये. नंतर म्हणजे केव्हा? तिथनं तशीच आष्ट्याला निघाले मेस्तरीला आणायला. रस्ताभर चिखल, चाकात माती भरायची, काडीनं काढायची आणि पुन्हा बसायचं. मी रडत होते. मोठ्यानं, अगदी गळा काढून, कारण दोन्ही बाजूंना उभा ऊस आणि ऐकायला कुणी नव्हतं. त्या उसाकडं बघवत नव्हतं मला. पुढच्या वर्षी आमच्या मळ्यातही हाच उभा असणार, आणि आई पुन्हा पाचट ओढत असणार, एवढंच डोळ्यापुढं येत होतं.

मेस्तरी सज्जन माणूस. ट्रकांची कामं करायचा. हातातलं काम टाकून त्यानं मला सायकलीसकट मोटारसायकलीच्या मागं ओढत आणलं म्हटलं तरी चालेल. आला, तंबाखू दाढेला लावली, प्लग बघितला, ठिणगी करणारी कॉइल बघितली आणि म्हणाला, "कॉइलला करंटच येत न्हाई, आप्पा. डायरेक्ट देऊन बघू." आप्पा म्हणाले, "माझ्या बी मनात तेच हाय." दोघंही मोठ्या गाड्यांवर हात घासलेले. तिथं कॉइलला बॅटरीचा करंट लागतो, तो आला नाही तर बॅटरीवरनं थेट वायर ओढून द्यायची ही त्यांची रीत. आमच्या इंजिनाची गोष्टच उलटी होती. त्याची कॉइल इंजिनावरच्या फिरत्या चाकातल्या चुंबकावर आपला करंट आपणच करते, तिला बॅटरी लागत नाही. तिच्यापासनं स्विचकडं जी काळी वायर जाते ती करंट आणायला नसतेच. ती इंजिन बंद करायला असते. चावी बंद केली की ती वायर अंगाच्या लोखंडाला जोडली जाते आणि ठिणगी मरते. म्हणजे ती काळी वायर वाटेत कुठंही उघडी होऊन लोखंडाला टेकली, तर चावी कितीही फिरवा, इंजिन आपलं बंदच. हे मला आज झोपेतही सांगता येतं. त्या दिवशी तिथं उभ्या असलेल्या तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

बॅटरी सेल्फ फिरवण्याइतकी उरली नव्हती, पण अगदी मेलीही नव्हती. मेस्तरीनं तिच्यावरनं वायर घेतली आणि काळ्या वायरीला टेकवली. चर्र झालं आणि बॉनेटखालनं धूर आला. "काढ, काढ," आप्पा ओरडले. मेस्तरीनं हात मागं घेतला. धूर पत्र्याच्या फटीतनं वर आला आणि विरून गेला. मेस्तरी वायर गुंडाळत म्हणाला, "जळली कॉइल. आधीच गेलेली असंल. सांगलीत मिळती का बघतो, न्हाईतर पुण्याहून मागवाय लागंल." पुण्याहून. आभाळ पश्चिमेकडनं भरून येत होतं आणि हा माणूस पुण्याचं नाव घेत होता. तो गेला. आप्पा बांधावर जाऊन बसले, दोन्ही हात डोक्याला लावून. आप्पांना तसं बसलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. मला त्यांची भीती वाटायची, नेहमीच. त्या दिवशी पहिल्यांदा कीव आली आणि ते जास्त वाईट होतं.

तेवढ्यात तात्या आले. काखेत छत्री, धोतर गुडघ्यापर्यंत वर. ट्रॅक्टरकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं, बागेतनं येणारा खटक खटक ऐकला. तात्या वाईट माणूस नव्हते, हेही लिहायला हवं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला म्हणाले, "वैजे, आईला सांग, पंप उतरव म्हणावं. जीव जाईल असल्यानं. झाली ती बाग." मी ओळींच्या तोंडाशी गेले. आई पाठमोरी होती, जर्सी औषधानं निळी झालेली, पट्ट्यांखाली खांदे दबलेले. मी निरोप सांगितला. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. दांडा खाली-वर होत राहिला. मी हाक मारली, "आये." ती म्हणाली, "ऐकलं. जा तू."

मी परत ट्रॅक्टरपाशी आले. का आले, ठाऊक नाही; दुसरीकडं कुठं जाणार? बॉनेटला डोकं टेकून उभी राहिले आणि मला वास आला. आप्पांनी एकदा जुनी कॉइल जाळून दाखवली होती, तिचा वास कडवट, घशात बसणारा. हा तो नव्हता. हा जळलेल्या झेंडूचा वास होता. होळीत सुकल्या माळा टाकल्या की येतो तोच. मी दिव्यामागं हात घातला. पत्र्याच्या त्या भोकात बागेतली बारीक तार होती, वेली बांधायला वापरतात ती, पकडीनं दोन पीळ देऊन आवळलेली. तारेत माळेचा एक जळका देठ अडकला होता. आणि त्याच भोकातनं आतली काळी वायर गेली होती. माझ्या तारेनं ती दीड महिना, रोजच्या हादऱ्यानं, घासून घासून कापली होती. रबराच्या आत तांबं चमकत होतं आणि तार पत्र्याला टेकलेली. त्या जागेवर चटका बसला होता.

माळ मी बांधली होती. पक्की बसावी म्हणून पीळ दिला होता, तोही पकडीनं, मोठ्या मेस्तरीच्या ऐटीत. सकाळपासून माझे आप्पा बोट फोडून घेत होते, आई पाठ मोडून घेत होती, आणि कारण माझ्या हातचं होतं. मला वाटलं, इथंच जमिनीत गडप व्हावं. मी तारेचा पीळ उलटा सोडवला. तार मुठीत घेतली. काळी वायर भोकातनं बाजूला ओढली, आप्पांच्या डब्यातली सायकलच्या ट्यूबची पट्टी घेतली आणि उघड्या तांब्यावर घट्ट गुंडाळली. प्लग बाहेरच होता. त्याला टोपी लावून इंजिनाला टेकवून ठेवला, सेल्फ फिरणार नव्हता म्हणून इंजिनावरच्या चाकाच्या खाचेत दोरी गुंडाळली, उजेडात ठिणगी दिसावी म्हणून ओढणी वरनं धरली आणि दुसऱ्या हातानं दोरी ओढली. निळी ठिणगी पडली. मी पुन्हा ओढली. पुन्हा पडली. कॉइल जळली नव्हती, नुसती माझी माळ जळली होती.

"आप्पा," मी म्हणाले, "ठिणगी पडतीया."

ते उठून पळतच आले. त्यांनी प्लग बसवला, दोरी गुंडाळली आणि ओढली. दुसऱ्या झटक्याला इंजिन धरलं. म्हैस बिथरली. बागेतला खटक खटक थांबला. आई ओळीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, पाठीवर पंप तसाच, आणि तात्यांना बघूनही डोक्यावर पदर घ्यायचं तिला सुचलं नाही. आप्पांनी माझ्या दोन्ही खांद्यांना धरलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "काय केलंस गं? काय हुतं?"

मी तार असलेली मूठ पाठीमागं नेली आणि म्हणाले, "पाणी हुतं. वायर पुसली."

एवढंच. दोन वाक्यं. मला स्वतःला वाचवायचं होतं, दुसरं काही नाही. आप्पा आईकडं वळले आणि तात्यांसमोर, दोन बायका कामाला होत्या त्यांच्यासमोर म्हणाले, "ऐकलंस? पोरीनं सावरलं. तू ह्या इंजनापासनं लांब ऱ्हायाचं. आज काय आन् उद्या काय." आई माझ्याकडं बघत होती. मग तिनं पंप उतरवला, बादली घेतली आणि पिंपात आणखी औषध कालवायला लागली. त्या दिवशीची फवारणी आप्पांनी चालवली. शेवटची ओळ झाली तेव्हा पहिले थेंब पडायला लागले होते, औषध तोवर बसलं होतं. बाग राहिली. मांडव आजही उभा आहे, वेली दोनदा बदलल्या, आणि गंमत अशी की ती बाग आता तात्यांचा मुलगा बघतो. पुढच्या वर्षी आप्पांनी सीटवर मला बसवलं. चालवायला शिकवलं, इंजिन उघडायला शिकवलं, पुन्हा बांधायला शिकवलं. आज पलूसला माझं छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. लोक लांबनं फवारणीची यंत्रं घेऊन येतात, मला मेस्तरीण म्हणतात, आणि कुणी नवं गिऱ्हाईक आलं की जुनं त्याला माझी गोष्ट सांगतं, पंधराव्या वर्षी पोरीनं बाग कशी वाचवली ती. मी हातातलं काम करत राहते. ती गोष्ट मी कधी खोडली नाही. आप्पा गेले तेव्हाही ती त्यांच्यापाशी तशीच होती.

या वर्षी खंडेनवमीला माहेरी गेले होते. आता चुलतभावाचा नवा ट्रॅक्टर आहे, आमचं कंपनीचं छपराखाली पत्र्यानं झाकून ठेवलेलं, पण माळ त्यालाही घालतात. आई खुर्चीवर बसून झेंडू ओवत होती. ऐंशीला टेकली आहे, नजर कमी झाली, बोटं मात्र फुलाचा देठ बरोबर शोधतात. माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं. फुलं पुढं सारता सारता बोलून गेले.

"आये, त्या साली इंजान पाण्यानं बंद पडलं नव्हतं."

"म्हाईत हाय."

"तार हुती. माळंची. मी बांधलेली."

"तार मीच तोडून दिली हुती की तुला," ती म्हणाली. "माळ घसरतीया म्हणून कवापासनं वरडत हुतीस. मांडवाला लोंबत हुती तीच तोडून दिली."

मला हे आठवत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या दिवसाचं एकेक मी उगाळलं होतं, पण तार माझ्या हातात कुठनं आली हे कधी मनात आलं नव्हतं. मळ्यात तार कुठंही पडलेली असायची, एवढंच धरून चालले होते.

"मग बोलली का न्हाईस?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "सगळ्यांदेखत तुला बोलले आप्पा. पुन्हा बसू दिलं न्हाई."

आईनं दोन फुलं ओवली. मग म्हणाली, "तू मूठ मागं नेलीस तवाच मला कळलं. तारंचं नाव काढलं असतं तर त्यांनी तुला बी लांब केलं असतं. दोघींतली एक तरी बसू दे म्हटलं त्या सीटवर."

तिनं शेवटच्या फुलामागं गाठ मारली, विळ्यानं सुतळी कापली आणि माळ माझ्या हातात दिली.